बॉनेटच्या पलीकडे कोण आहे?



२०२५ची कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला झाली. चातुर्मास संपला. आपल्या स्थानकातल्या महासतीजींनी मंगलपाठ दिला, आपण सगळ्याजणी वेशीपर्यंत पोचवायला गेलो, डोळे पुसत घरी आलो. आता आठ महिने त्या रस्त्यावर. कुणी घोटी-इगतपुरीकडे, कुणी ओझर-पिंपळगाव करत चांदवडकडे. अनवाणी.

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात दुसरीच वाट बघणं सुरू झालं. २७ नोव्हेंबरला बेंगळुरूत महिंद्राची नवी सात आसनी इलेक्ट्रिक गाडी येणार होती, एक्सईव्ही ९एस. त्याच्या दोन दिवस आधी टाटांची सिएरा नव्या रूपात येणार होती. ताटावर बसलं की फोन मध्ये. धाकटा म्हणतो बघ पुढचा दिवा कसा आहे, मोठा म्हणतो थांब, इंजिन कुठलं देतात ते कळू दे. यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन सेकंदांचा तो टीझर सहा वेळा बघितला. प्रतिक्रमणाची वेळ झाली तरी कुणी उठेना. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा भाजीचं पातेलं उचलून घेऊन गेले, तेव्हा कळलं की आई चिडली आहे.

आज त्यावरच लिहिते आहे. गोड लिहिणार नाही, आधीच सांगते.

मी गाडीच्या विरोधात नाही

पहिल्यांदा हे साफ करते, नाही तर उद्या स्थानकात कुणीतरी म्हणेल, भाभींना काय, पायीच जा म्हणायचं आहे. आमच्या घराचा घास सातपूर-अंबडच्या भोंग्यावर चालला आहे. आमचं हार्डवेअर आणि टूल्सचं दुकान, आणि गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांचे सुटे भाग करणारे लहान कारखानदार. २००२ साली स्कॉर्पिओ आली, ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातून. त्या वर्षानंतर आमच्या दुकानाची उधारी वेळेवर वसूल व्हायला लागली, हे मी स्वतः वही लिहिली आहे म्हणून सांगते. २०१८च्या सप्टेंबरमध्ये मराझो आली तेव्हा तिचं अनावरणही नाशिकमध्येच झालं. आता या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात, तरी नाशिकच्या माणसाला महिंद्राची गाडी म्हणजे माहेरची वाटते. मलाही वाटते.

सासूबाईंना इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा गाडी होती म्हणून वेळेत पोचलो. मांगी-तुंगीला, विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थाला आपण गाडीनेच जातो. श्रावकाला वाहन वर्ज्य नाही. साधूला वर्ज्य आहे, आपल्याला त्याची मर्यादा करायची आहे. माझं भांडण मर्यादेबद्दल आहे. आणि त्याहून मोठं भांडण एका प्रश्नाबद्दल आहे, जो त्या ताटावर कुणीच विचारला नाही.

मुलं काय बघतात

मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसून ऐकलं. दोन गोष्टी बघतात. एक, दिसते कशी. दुसरी, चालते कशावर.

दिसण्याचं बघा. विंचवावरून स्कॉर्पिओ. मराझो म्हणजे बास्क भाषेत शार्क मासा, आणि गाडीचा आकारही शार्कवरून घेतला असं कंपनीनेच सांगितलं होतं. २०११ची एक्सयूव्ही ५०० आली ती चित्त्यावरून बेतलेली, दारांच्या कड्यासुद्धा चित्त्याच्या पंजासारख्या. आता जी नवी मोठी गाडी येते, कुठल्याही कंपनीची असो, तिचं तोंड बघा. रुंद, उभं, कपाळ वर, डोळे बारीक केलेले. मुलं कौतुकाने म्हणतात, काय ॲग्रेसिव्ह लुक आहे! रस्त्यावर दबदबा पाहिजे!

मला सांगा, ज्या घरात मुंगी वाचावी म्हणून रात्री दिवा जपून लावतात, पाणी गाळून घेतात, कंद शिजत नाही, त्या घराच्या दारात शिकाऱ्याचा चेहरा हौसेने उभा करायचा, आणि त्याला फॅमिली गाडी म्हणायचं? कुटुंबाची गाडी आहे ना, मग दबदबा कुणावर पाहिजे? समोरून कोण येतं आहे? भाजीवाली, सायकलवरचा पोरगा, शाळेची रिक्षा. आणि आठ महिने आपल्याच महासतीजी.

मुलं हसतात. म्हणतात, मम्मी, डिझाइन आहे ते, फक्त दिसायला असतं. तेही मी मानलं असतं. पण गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर मानत नाही.

गेल्या वर्षी काय झालं

हे मी आजवर लिहिलं नव्हतं. घरात कुणाला आवडणारही नाही. पण दुसऱ्यांना सांगायचं तर आधी आपलं उघडं करावं लागतं.

मागच्या वर्षी मागसर महिन्यात विहारसेवेत आमची पाळी होती. सूर्योदय झाला होता. महामार्गालगतच्या एका उपाश्रयातून महासतीजी निघायच्या होत्या. मी, मोठा मुलगा आणि नात, आम्ही आमच्या गाडीने गेलो. मोठी, उंच गाडी आहे. कोणत्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, तशा सगळ्यांच्याच आहेत. फाटकापाशी मुलाने गाडी लावली, आम्ही उतरलो, आणि तो म्हणाला, मम्मी, वाटेत लागते आहे, जरा पुढे घेतो.

त्याने गाडी सुरू केली आणि हळू पुढे घेतली. हळूच. चालण्याच्या वेगाने.

पुढे एक छोट्या महासतीजी होत्या. दीक्षेला दोन-तीन वर्षं झालेल्या, अंगाने बारीक, उंचीने लहान. फाटकाच्या वाटेवर मुंगळ्यांची रांग चालली होती. मागून श्रावक-श्राविका येणार, रांग तुडवली जाणार, म्हणून त्या वाकून रजोहरणाने वाट हलकेच पुंजत होत्या. बॉनेटच्या बरोबर पुढे. मुलाला त्या दिसल्याच नाहीत. दिसणारच नव्हत्या. तो चांगला चालवतो, फोन हातात नव्हता, झोपेत नव्हता. त्याच्या काचेतून पुढचं फाटक दिसत होतं, त्यावरची पाटी दिसत होती. फाटक आणि बॉनेट यांच्या मधला जमिनीचा तुकडा त्याला दिसत नव्हता.

नात ओरडली. अशी ओरडली की मला अजून ऐकू येतं. त्याने ब्रेक दाबला. महासतीजी मागे सरल्या, पडल्या, झोळीतलं लाकडी पात्र खाली आपटून तडकलं. त्यांना हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आमचं पुण्य म्हणा, नातीचा आवाज म्हणा.

मुलगा उतरला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. तो खमाऊ लागला. मोठ्या महासतीजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पात्र उचललं, तडा बोटाने चाचपला, आणि म्हणाल्या, "श्राविकाजी, रांग गेली का पलीकडे, तेवढं बघा." आणि निघाल्या.

आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'जय जिनेंद्र' लिहिलेलं आहे. सोनेरी अक्षरात. मीच लावून घेतलं होतं.

हे नशीब नाही, माप आहे

त्या दिवसानंतर नातीने मला इंटरनेटवर वाचून दाखवायला सुरुवात केली. ती इंजिनिअरिंगला आहे, आणि तिला त्या गोष्टीने माझ्यापेक्षा जास्त धरलं आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली एक संस्था आहे, आयआयएचएस, गाड्यांची सुरक्षितता तपासते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पादचाऱ्यांना झालेल्या सुमारे १८,००० धडकांचा अभ्यास जाहीर केला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, त्यांच्या धडकेत माणूस मरण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी उंचीच्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त निघाली. कारण समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी छातीला, डोक्याला लागते आणि माणूस खाली, चाकापुढे जातो. बॉनेट मध्यम उंचीचं असलं तरी तोंड उभं सपाट असेल तर धोका वाढलेलाच निघाला.

म्हणजे दबदब्याचा तो चेहरा नुसता दिसायला नसतो. टेप घेऊन मोजता येतो. मी मोजला. आमच्या गाडीचं बॉनेट माझ्या छातीच्या वर येतं. मी पाच फूट आहे. तुम्हीही मोजा, शिवणाच्या डब्यातली टेप पुरते.

आपल्या देशाचा आकडा घ्या. सरकारचाच आहे. २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पायी चालणारी ३२,८२५. भागाकार करा, रोज नव्वद. या नव्वदांत कुठे ना कुठे आपले साधू-साध्वीही असतात. विहारातल्या अपघाताची बातमी येते, आपण व्हॉट्सॲपवर नवकार लिहितो, हात जोडलेली चित्रं पाठवतो, काळधर्म पावल्याचा निरोप पुढे ढकलतो. मग सभा होते, सरकारला निवेदन जातं की विहारमार्गावर स्वतंत्र पायवाट करा. निवेदन बरोबर आहे, मीही सह्या केल्या आहेत. पण सभेला आलेल्यांच्या गाड्या बाहेर उभ्या असतात. त्या मोजा एकदा.

"मोठी गाडी म्हणजे आपली माणसं सुरक्षित"

हे उत्तर मला प्रत्येक घरात मिळतं, आणि बहुधा बायकांकडूनच मिळतं. म्हणून त्याला नीट उत्तर देते.

आईला लेकरांची काळजी असते, त्यात चूक नाही. २०२३च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं, गाड्या आपटून तारे देतात. फार चांगलं झालं. महिंद्राच्या, टाटांच्या कितीतरी गाड्यांना पाच तारे मिळाले, अभिमान आहे. पण ते तारे कशाचे? आत बसलेल्या मोठ्यांचे आणि आत बसलेल्या मुलांचे. युरोपात २००९ पासून बाहेर चालणाऱ्याला किती लागेल हेसुद्धा एकूण ताऱ्यांत धरतात. आपण दुकानात जाऊन पाच तारे विचारतो आणि समाधानाने परत येतो. बाहेरच्याचे तारे कुणी विचारले?

आणि आपल्या धर्माचा पाठच मुळी बाहेरच्याचा आहे ना? आपल्या जिवाला जपायला कुणाला शिकवावं लागत नाही, मांजरही जपते. ईर्या समिती शिकवतात ती पुढच्या साडेतीन हात जमिनीवर नजर ठेवून चालायला. साडेतीन हात! आणि आपण ती गाडी विकत घेतो जिच्यातून नेमकी तेवढीच जमीन दिसत नाही. मला यापेक्षा जास्त समजावता येत नाही.

आता चालते कशावर

ताटावरचा दुसरा वाद. मोठा म्हणतो डिझेल, घाटात ताकद लागते, कसारा चढताना कळतं. यांचं म्हणणं हायब्रीड, पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला मोटर, चार्जिंगची कटकट नाही. धाकटा म्हणतो इलेक्ट्रिक, आणि वर मला चिमटा काढतो, मम्मी, धूर नाही, आवाज नाही, तुझ्या अहिंसेची गाडी आहे ही.

अहिंसेची गाडी! हे शब्द जाहिरातीत यायला वेळ लागणार नाही, म्हणून आत्ताच बोलते.

धूर नाही, हे खरं. आपल्या गल्लीत नाही. पण वीज येते कुठून? आपल्या एकलहऱ्याच्या चिमण्या बघा. २१० मेगावॅटचे तीन संच, कोळशावर. देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशातूनच निघते. अग्निकाय, वायुकाय, पृथ्वीकाय, सगळ्यांची विराधना तिथे होते, आपल्या नजरेआड. गच्चीवर सोलर लावलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ज्यांनी लावलं त्यांचं मी अभिनंदन करते. तरी सगळा हिशोब केला तर डिझेलपेक्षा वीज बरी, हे मलाही पटलं आहे. दवाखान्यासमोर, शाळेसमोर धूर न सोडणारी गाडी चांगलीच. माझा आक्षेप 'बरी' या शब्दाला नाही. 'बरी' चं 'पुण्याची' कधी झालं, त्याला आहे.

दुसरं, वजन. सात माणसांना घेऊन पाचशे किलोमीटर जायचं तर बॅटरी मोठी लागते, तिचंच वजन शेकडो किलो. उंच गाडी आणखी जड झाली.

तिसरं, शांतता. धाकट्याला ज्याचं कौतुक तेच मला भीतीचं. मागून येणारी गाडी महासतीजींना ऐकू येते म्हणून त्या बाजूला होतात. हळू चालणारी इलेक्ट्रिक गाडी ऐकूच येत नाही. म्हणून युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वेगात आवाज करणारं यंत्र सक्तीचं केलं. आपल्याकडेही सप्टेंबर २०२५मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला, ऑक्टोबर २०२६ पासून नव्या मॉडेलना लावायचं म्हणून. कायदा होईल तेव्हा होईल. गाडीत आज तो आवाज आहे का, एवढं तरी विचारा. धाकट्याला मी विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं. किती सेकंदांत शंभरचा वेग घेते ते ठाऊक होतं.

सीट, आणि सीटवर कोण

आता 'लक्झरी' कडे येऊ. टीझरमध्ये पहिल्यांदा काय दाखवतात? टाके घातलेल्या गुबगुबीत सीट. कसल्या आहेत? आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत 'लेदरेट' म्हणजे कृत्रिम असतं. पण बाहेरच्या महाग गाड्यांत खरं चामडं असतं, आणि कधीकधी सीट कृत्रिम असते पण स्टिअरिंगचं वेष्टन खरं असतं. आपण रेशमी साडीसाठी प्रश्न विचारतो, आइस्क्रीममधल्या जिलेटिनसाठी डब्यावरची बारीक अक्षरं वाचतो. मग पंचवीस लाखांच्या वस्तूला हात लावताना गप्प का? स्वीडनच्या व्होल्वोने २०२१ साली जाहीर केलं की त्यांच्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या चामड्याशिवाय असतील. तिथल्या गिऱ्हाइकाने विचारलं असेल म्हणूनच ना? ते काही जैन नव्हते.

आणि त्या सीटवर बसणार कोण? सात आसनी गाडी घेताना सांगतात, मम्मी-पप्पांसाठी घेतो आहे, सगळे एकत्र जाऊ. सख्यांनो, खरं सांगा, तिसऱ्या रांगेत तुम्हीच बसता ना? पुढे मुलगा आणि हे, मधल्या दोन राजेशाही खुर्च्यांवर नातवंडं, कारण त्यांना स्क्रीन पाहिजे. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी मधली खुर्ची वाकवून, साडी सावरून, मागच्या सांदीत शिरते. चढायला पायरी उंच, उतरायला दोन माणसं. म्हणे लक्झरी. ज्या गाडीत घरातली सर्वात म्हातारी बाई एकटीने चढू-उतरू शकते ती फॅमिली गाडी, असं मला वाटतं. शोरूममध्ये हे तपासायला मुलांबरोबर स्वतः जा, आणि सगळ्यांसमोर तिसऱ्या रांगेत शिरून दाखवा.

बी.कॉम.चा हिशोब

पुरुष म्हणतील, बाईला गाडीतलं काय कळतं. वही तर कळते.

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के कर आणि वर २२ टक्के उपकर होता, आता एकच ४० टक्के. इलेक्ट्रिकवर ५ टक्के होता, तोच आहे. तेव्हापासून घरोघरी एकच वाक्य, सरकारनेच स्वस्त केलं, आत्ता नाही तर कधी. पन्नासचे चाळीस झाले म्हणजे दहा वाचले, असं ज्याला वाटतं त्याने आधी गाडी लागत होती का ते सांगावं. न लागणारी वस्तू सवलतीत घेतली तर बचत होत नाही, खर्च होतो. हे आपण साडीच्या सेलमध्ये सुनांना सांगतो.

धरा गाडी पंचवीस लाखांची. पाच लाख हातचे, वीस लाख कर्ज, ९ टक्क्यांनी, पाच वर्षं. हप्ता साधारण ४१,५०० रुपये. पाच वर्षांत व्याजाचे जवळजवळ पाच लाख. एकूण गेले तीस लाखांच्या आसपास. गाडीवर प्राप्तिकराच्या नियमाने दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात. त्याच हिशोबाने पंचवीस लाखांच्या गाडीची वहीतली किंमत पाच वर्षांनी अकरा लाख उरते. फरक जवळपास एकोणीस लाख. महिन्याला ३१ हजारांवर, आणि विमा, वीज किंवा तेल, टायर वेगळे. आमच्या दुकानातल्या दोन माणसांच्या पगारापेक्षा जास्त. ती दोन माणसं सायकलने येतात.

आणखी एक गोष्ट, जी बायकांनी लक्षात ठेवावी. कर्जाच्या कागदावर बहुतेक घरांत आपली सही लागते, सहकर्जदार म्हणून. ती सही करताना आपण वाचत नाही. पुढच्या वेळी पेन हातात घेतलं की थांबा. तेवढी एक जागा आहे जिथे आपलं ऐकावंच लागतं.

चौदा नियमांतलं 'वाहन'

आपल्यातल्या किती जणी रोज सकाळी चौदा नियम धारतात! सचित्त किती, द्रव्यं किती, विगई किती. त्यात 'वाहन' आहे, 'दिशा' आहे. आज किती वाहनांत बसेन, किती दूर जाईन. आपण तोंडाने म्हणतो 'वाहन चार' आणि पुढे जातो. कारण कुणाच्या दिवसाला चार वाहनं लागतच नाहीत. मर्यादा अशी घालायची की ती कधी आड येणारच नाही, याला व्रत म्हणतात का?

दिशाव्रतात माणूस स्वतःहून म्हणतो की मी इतक्याच योजनांपर्यंत जाईन. आणि ताटावर चर्चा कसली, तर एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते! गाडीची रेंज वाढली, आपली दिशा कुणी कमी केली?

वस्तूचं ओझं खरं तर वस्तूत नसतं, तिच्यातल्या मूर्च्छेत असतं, हे आपण प्रवचनात शंभरदा ऐकलं. मला त्याचा अर्थ त्या महिन्यात कळला. गाडी तेव्हा आलेलीच नव्हती. दारात नव्हती, दुकानात नव्हती, किंमतसुद्धा जाहीर नव्हती. आणि तिच्यासाठी प्रतिक्रमण चुकलं. न आलेल्या वस्तूचा परिग्रह आमच्या घरी येऊन बसला, तिची जागा झाली, तिच्यासाठी भांडणं झाली. जुनी गाडी, जी नीट चालते आहे, ती एका आठवड्यात सगळ्यांना डबडं वाटायला लागली.

मी काय ठरवलं, तुम्ही काय कराल

मी घरी सांगितलं आहे. बंदी घातली नाही, मोठी मुलं आहेत, बंदी चालत नाही. पाच प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय माझी सही नाही, एवढंच सांगितलं.

एक, आताच्या गाडीने कोणतं काम अडतं? दोन, नव्या गाडीचं बॉनेट जमिनीपासून किती इंच, आणि मी पुढे वाकले तर चालवणाऱ्याला दिसते का? हे शोरूमच्या अंगणात करून बघायचं, पुस्तकात नाही. तीन, हळू चालताना पायी माणसाला ती ऐकू येते का, आणि माणूस आडवा आला तर स्वतःहून ब्रेक लावते का? चार, सीटपासून स्टिअरिंगपर्यंत कुठे चामडं आहे का, लेखी सांगा. पाच, ही आली तर जुनी जाणार का, की परिग्रहाच्या वहीत एक ओळ वाढणार?

धाकटा म्हणाला, मम्मी, एवढं बघितलं तर कुठलीच मोठी गाडी बसणार नाही. मी म्हटलं, मग लहान बघ.

मोठा काही बोलला नाही. तो त्या सकाळपासून गाडी पुढे घेण्याआधी एकदा खाली उतरून समोर बघून येतो. रोज. पार्किंगमध्ये लोक हसतात. माझ्या मते आमच्या घरात ईर्या समिती पाळणारा सध्या तोच एक आहे.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. या आठ महिन्यांत विहारसेवेची पाळी आली की गाडी लांब लावा आणि शेवटचे दोनशे पावलं चाला. 'जय जिनेंद्र' लिहिलेली गाडी कुणी उपाश्रयाच्या फाटकाला चिकटवून उभी केली असेल तर त्यांना सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा. आणि घरात नव्या गाडीची चर्चा निघाली की शिवणाची टेप आणून ताटाशेजारी ठेवा.

काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. पण प्रश्न मागे घेत नाही.